नाव ठेवले, आता नावे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना परदेशी नावं ठेवण्याच्या खुळावर टीका करणारं एका वाचकाचं पत्र परवा आपल्या अंकात वाचलं. त्यातलं बहुतेक सगळं महिन्यापूर्वी मीच घरात बोललो होतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

माझ्या नातीचं नाव थालिया. हौसेनं नाही, अडचणीतून आलेलं. पोरीचा जन्म उत्तरा भाद्रपदा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावरचा. गुरुजींनी अक्षर काढलं 'थ'. संपादकसाहेब, 'थ'वरून मुलीचं एक मराठी नाव सांगून बघा! आम्ही आठ दिवस डोकी खाजवली. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, थालिया." ती वनस्पतिशास्त्र शिकवते. प्राचीन ग्रीकमध्ये अर्थ 'बहरलेली'. शाळेच्या पुस्तकातल्या थॅलोफायटाचं (शेवाळासारख्या वनस्पतींच्या गटाचं) 'थॅलस', म्हणजे कोवळा कोंब, याच कुळातलं. शिवाय ग्रीकांच्या नऊ कलादेवतांपैकी विनोदी नाटकाची देवता ही. केशवराव भोसले नाट्यगृहातल्या नाटकांचे बोर्ड रंगवण्यात माझी उमर गेली. सासऱ्याला कुठं गुदगुल्या होतात ते सुनेला बरोबर ठाऊक.

पेठेत बातमी फुटली आणि शेजारी दारातूनच ओरडला, "थाळी व्हय? मग तांबडा-पांढरा संगं हाय का न्हाई?" त्याचं हसू मलाही आलं. शाळेत पोरीला हे ऐकावं लागणार, हे मी नाकारत नाही. पण माझ्या वर्गातल्या बंडूलाही काही कमी ऐकावं लागलं नव्हतं.

गुरुजींची हरकत वेगळी. म्हणाले, यावनी नाव पत्रिकेत कसं लिहू? सुनेनं मला पढवून ठेवलेलंच होतं. विचारलं, "गुरुजी, होरा आणि केंद्र हे शब्द कुठले?" दोन्ही मूळचे ग्रीक. गुरुजींनी चष्मा पुसला आणि नाव लिहिलं.

आणि कोल्हापूरकरांनी ग्रीकांना परकं म्हणावं? ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेली पोसायडनची, त्यांच्या समुद्रदेवाची, वीतभरही नसलेली ब्राँझची मूर्ती आपल्याच टाऊन हॉलच्या संग्रहालयातली. लहानपणी मी ती कुणा राजाची समजायचो. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर तर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. त्यांतला एक 'सिहधय', म्हणजे सिंहध्वज. तिकडच्या माणसानं इकडचं नाव घेऊन दोन हजार वर्षं होत आली.

माझी तक्रार नावाबद्दल नाहीच, लिहिणाऱ्यांबद्दल आहे. या नावातल्या पहिल्या अक्षराचा प्राचीन ग्रीकांचा उच्चार आपल्या 'थ'सारखाच, त्यामुळे हे नाव इंग्रजीपेक्षा देवनागरीत नेमकं बसतं. पण 'थ'च्या डोक्यावरची गाठ नीट काढली नाही की त्याचा 'य' होतो, हे पेंटरच्या हाताखालच्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. जन्माचा दाखला आला तो 'यालिया' छापून. दोन खेटे घातले. तिसऱ्यांदा दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः ब्रशनं लिहून नेला, 'थ'ची गाठ लाल रंगात. खिडकीतला पोरगा म्हणाला, "काका, अर्ज हाय का दुकानाची पाटी?"

आपला,
एक निवृत्त पेंटर,
शिवाजी पेठ, कोल्हापूर