लाल शाईतलं ‘अबाउट’

वाई,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बंडू,

स. न. दिवाळीत तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही आणि नंतर ‘रेंज नव्हती’ असा मेसेज टाकला. रेंज होती. वास्तुशांतीलाही आलो नाही. शिव्या एकदमच दे, हप्त्याहप्त्याने नको. तब्येत म्हणशील तर शुगर आटोक्यात, गुडघा आहे तसा. झालं.

आज लिहायला बसलोय त्याचं कारण घरात सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं, तर म्हणाली, ‘अर्ध्या मार्कासाठी रात्रीचं जागायचं?’ तुला कळेल. छड्या तू खाल्ल्या होत्यास.

घटक चाचणीचे पेपर तपासत होतो. दहावी ब. एका मुलीने लिहिलं होतं, ‘वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम विथ अवर टीचर.’ माझा हात थांबलासुद्धा नाही. ‘डिस्कस्ड’पुढे काकपद, वर लाल शाईत ‘अबाउट’, समासात अर्धा वजा. एकोणतीस वर्षं हा हात असाच चालत आलाय.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी. हातात डिक्शनरी, पानात बसच्या तिकिटाची खूण. म्हणाली, ‘सर, यात अबाउट दिसत नाहीये. माझी डिक्शनरी जुनी आहे का?’

‘सर, तुम्ही चुकलात’ असं म्हणाली असती तर मी डाफरलो असतो आणि विषय संपला असता. पण पोरीने चूक डिक्शनरीच्या अंगावर घातली. डबे उघडून बसलेले चौघे माझ्याकडे बघत होते. मी पानाकडे न बघता म्हणालो, ‘दोन्ही चालतं गं. अबाउट लावलं की जरा स्पष्ट होतं.’ ती ‘हो सर’ म्हणून गेली. दोन्ही चालतं तर अर्धा मार्क का कापला, हे तिने विचारलं नाही.

आणि बंडू, मला माहीत होतं रे. पान बघायची गरजच नव्हती. ते पान मी १९८६ साली बघितलंय, तुझ्या अंगठ्याखाली.

सरांचा तो तास आठव. फळ्यावर ‘वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर.’ तू उठलास. ‘सर, अबाउट नको. मामा म्हणतात फुकटचा शब्द आहे, तारेत त्याचे पैसे पडतील.’ सर म्हणाले, ‘तू काय तार करायला आलायस?’ वर्ग हसला. तिथे थांबलं असतं तर बरं, पण वर्गातला हुशार मुलगा उभा राहिला ना! ‘सर, चर्चा कशाबद्दल ते नको का सांगायला?’ मला शाबासकी, तुला दोन छड्या, आणि आठ दिवस आपला अबोला. पुढे सुट्टीत अप्पा बळवंत चौकातून दोघांत मिळून ती जुनी डिक्शनरी घेतली. येताना एसटीत तू काही न बोलता ‘डी’चं पान काढलंस, अंगठा ठेवलास आणि माझ्या मांडीवर ठेवलीस. मी वाचलं. कात्रजच्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा मिटून टाकली. उजेड आल्यावर तू विचारलंस, ‘बघितलंस?’ मी म्हणालो, ‘काय?’

सरांनी मला शाबासकी दिली म्हणून मी इंग्रजीचा मास्तर झालो, आणि शाबासकी मिळाली ती चुकीवर. सर आता नाहीत, त्यांच्यावर ढकलायची सोय नाही. तसेही ते आपल्या परीने बरोबरच होते. गेले चार दिवस डोक्यात हेच घोळतंय. आपण मराठीत चर्चा करतो, विनंती करतो, मागणी करतो, हल्ला करतो. आपली ही निम्मी क्रियापदं म्हणजे नामाला ‘करणे’ जोडलेलं असतं. नाम आलं की त्याचं शेपूट आलंच: कशाबद्दल चर्चा, कशाची मागणी, कोणावर हल्ला. इंग्रजीत हे शेपूट फक्त नामाला. डिस्कशन अबाउट, डिमांड फॉर, अटॅक ऑन, आन्सर टू, लॅक ऑफ. तेच शब्द क्रियापद म्हणून आले की शेपूट गळतं, कर्म थेट अंगाला भिडतं. त्यांचं ‘डिस्कस’ ज्या लॅटिन शब्दावरून आलंय त्याचा अर्थ झटकून सुटं करणं. म्हणजे पाखडणंच म्हण. धान्य पाखडतात, धान्याबद्दल कोणी पाखडत नाही. आणि गंमत बघ, पेपरवाले ‘हा विषय सभेत चर्चिला गेला’ असं लिहितात, तेव्हा आपणही ‘बद्दल’ लावत नाही! एवढं साधं एकोणतीस वर्षांत एकदाही वर्गात सांगितलं नाही. पोरांना वाटतं इंग्रज लहरी आहे. (तो आहेच लहरी. ‘डिपेंड’चं ‘ऑन’ नाम झालं तरी सुटत नाही. ‘सिम्पथाइज’ला ‘विथ’, आणि ‘सिम्पथी’ म्हटलं की बहुतेकदा ‘फॉर’. याला तुझे मामा काय म्हणाले असते?)

नाही तर आपला ‘शी’ बघ. हिच्याशी लग्न, हिच्याशी भांडण, हिच्याशी अबोला, सगळा संसार एकटा ओढतो. इंग्रजाला लग्नाला ‘टू’ लागतो आणि भांडायला ‘विथ’. तुझ्या लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत ‘मॅरीड विथ’ छापून बँकेतल्या सगळ्या साहेबांकडे गेलं, त्याचं प्रूफ मीच बघितलं होतं. हेही आज कबूल करून टाकतो. वहिनींना सांगू नकोस.

आपल्या त्या डिक्शनरीचा कर्ता हॉर्नबी, तो जपानात शिकवायला गेलेला इंग्रज. पहिली आवृत्ती १९४२ साली टोकियोत छापलेली, इंग्लंड-जपान युद्ध चालू असताना. ऑक्सफर्डने ती काढली १९४८ साली. जपानी पोरांना शब्दाचा अर्थ कळूनही पुढे काय जोडायचं तिथेच ती अडखळतात, हे त्याने ओळखलं आणि क्रियापदांचे पंचवीस साचे पाडून दिले. एक परका मास्तर परक्या पोरांसाठी एवढं करतो. मी तर घरचाच.

पोराला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘पप्पा, आमच्या ऑफिसात सगळे डिस्कस अबाउटच म्हणतात. पगार मिळतो.’ त्याचंही खोटं नाही. सगळा देश म्हणतो. मीही त्याच्यामागे लपलो असतो. शेवटच्या दोन वर्षांत कुणाला काय सांगायचंय? अठ्ठावन्न पूर्ण झाली की हार, नारळ आणि घर.

पण काल गृहपाठाच्या वह्या आल्या. तिच्या वहीत चौथं वाक्य: ‘वुई डिस्कस्ड अबाउट द पिकनिक.’ अक्षर मोत्यासारखं. ‘अबाउट’ आधी नव्हतं. शब्दांमधे कोंबून, नंतर घातलेलं दिसतंय, बारीक, जरा तिरकं. माझ्यासाठी घातलंय. आपण पाचवीत एबीसीडी गिरवली. २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलंय, म्हणजे ही पोरगी दहा वर्षं शिकतेय. तिला बरोबर येत होतं. मी ते चार दिवसांत घालवलं.

बाकी तुझं काय? व्हीआरएस घेऊन पस्तावलास का, खरं सांग. नातवाचं नाव काय ठेवलं? नाशिकचा फ्लॅट कितव्या मजल्यावर? सविस्तर लिही, आणि मोतीबिंदूचं पुढे ढकलू नकोस.

आणि हो, डिक्शनरी तुझ्याकडेच आहे. भांडण मिटवताना ‘एल’पर्यंत माझी आणि ‘एम’पासून तुझी असं ठरलं होतं. ‘डी’ माझ्या वाट्याला येतं. कुरिअरने पाठव. फाडून नको, तुझी अर्धी बसेल प्रवासाला.

वही समोर आहे. ‘अबाउट’ आत्ताच खोडलं, समासात कापलेला अर्धा मार्क परत लिहिला. खाली ‘सॉरी’ लिहिलंय आणि पेन तिथेच अडकलंय. पुढे ‘फॉर’ घालू की ‘अबाउट’? उठून बघून आलो. इथे खरंच दोन्ही चालतं.

तुझा,
मधू