मॅडम, सीडी घरी विसरलेला पेशंट बोलतोय

नमस्कार मॅडम,
तुम्हाला आठवत असेन का माहीत नाही, पण मी तोच, प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) मागच्या वर्षीच्या एमआरआयची सीडी घरी विसरून आलेला, आणि तुम्ही म्हणालात, "काका, जुनं समोर नसेल तर मी ताडून कशाशी बघू?" मुलगा रिक्षाने घरी जाऊन तासाभराने सीडी घेऊन आला, तोवर तुम्ही डबासुद्धा उघडला नव्हता.

माझा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा, ६.२, आणि बायोप्सीत ग्लिसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा, ३+३. कॅन्सर म्हटल्यावर पुढचं काही डोक्यात शिरत नाही हो. एका ठिकाणी तर थेट ऑपरेशनची तारीखच दिली, लघवीवर ताबा राहील ना विचारलं तर "ते बघू नंतर". दुसरे डॉक्टर म्हणाले कमी धोक्याचा आहे, लक्ष ठेवू. त्यावर आमची ही म्हणे, घरात साप निघालाय आणि हे म्हणतात बघत बसा!

त्या दिवशी तुम्ही आम्हा दोघांना आत बोलावलंत, स्क्रीनवर दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी शेजारी लावलेत आणि तो काळपट ठिपका माऊसने मोजून दाखवलात, तेव्हाही ७ मिमी, आताही ७. गाठ दाट झाली की तिथलं पाणी अडतं आणि ते एका वेगळ्या फोटोत चमकतं, तेही वाढलेलं नाही म्हणालात. रिपोर्टवर प्रिसाइज स्कोअर ३, म्हणजे जैसे थे.

हिने विचारलं, नक्की ना? तर तुम्ही खोटा धीर नाही दिलात. ब्रिटनमधला प्रोटेक्ट अभ्यास सांगितलात, १६४३ पुरुष, २०२३ ला आलेले १५ वर्षांचे निकाल, ऑपरेशन करा, रेडिएशन घ्या की लक्ष ठेवा, या कॅन्सरने गेलेले शंभरात तीनेकच. आणि लगेच हेही, की लक्ष ठेवलेल्यांत तो पसरला मात्र जास्त, ९ टक्क्यांत, बाकीच्यांत ५ च्या आसपास, आणि तिथे सगळी भिस्त पीएसएवर होती, म्हणून काका, स्कॅन चुकवायचा नाही. खरं सांगू, हा "पण" ऐकला तेव्हाच माझा तुमच्यावर विश्वास बसला.

त्या टेक्निशियन पोरालाही थँक्यू सांगा, मशीनच्या धाडधाडीत मध्येमध्ये "अजून ५ मिनिटं काका" म्हणत होता, त्याची ५ मिनिटं काही संपत नव्हती ती गोष्ट वेगळी.

आता दोन्ही सीड्या एका पिशवीत घालून हिने दाराच्या खिळ्यालाच टांगून ठेवल्यात.

तुमचा,
सीडीवाला काका