सात सामने कशासाठी? : क्लीव्हलंडहून मामांस पत्र

क्लीव्हलंड, ओहायो
दि. 25 जून 2016

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

सोमवारी पहाटे साडेपाचला उठून तुम्ही एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या, अंतिम मालिकेतला सातवा सामना टीव्हीवर पाहिलात, हे आईकडून कळले. पाहून झाल्यावर, ‘कबड्डीत, खो-खोत अंतिम सामना एकच होतो, इथे एका विजेतेपदासाठी सात-सात सामने, हा निव्वळ तिकिटांचा धंदा आहे,’ असे तुम्ही म्हणालात, हेही तिने सांगितले. धंदा आहे, हे मी नाकारत नाही. तिकिटांचे दर पाहूनच आम्ही मैदानाचा नाद सोडला होता. तथापि यंदाचा निकाल एकाच सामन्यावर लागला असता तर आमच्या शहराच्या हाती काहीच पडले नसते. तुम्ही शाळेत इतकी वर्षे हा खेळ शिकवला आहे, तेव्हा तुम्हाला वरवरचे उत्तर चालणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या क्लीव्हलंड कॅव्हेलियर्ससमोरचा संघ होता गोल्डन स्टेट वॉरियर्स. त्यांनी यंदाच्या साखळीत 82 पैकी 73 सामने जिंकून 1995-96 च्या शिकागो बुल्सचा 72 विजयांचा विक्रम मोडला होता. गंमत म्हणजे त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह कर हे त्या वेळी बुल्सकडूनच खेळत होते. त्यांच्या घरच्या मैदानावर, ओकलंडमध्ये, पहिल्या सामन्यात स्टेफ करी आणि क्ले थॉम्पसन या त्यांच्या दोन्ही हुकमी नेमबाजांनी मिळून अवघे 20 गुण केले, तरीही राखीव खेळाडूंच्या जोरावर त्यांनी 104-89 असा विजय मिळवला. दुसरा सामना तर 110-77 असा एकतर्फी झाला आणि त्यात आमच्या केव्हिन लव्हच्या डोक्याला मार बसला. तिसरा सामना इथे क्लीव्हलंडमध्ये आम्ही 30 गुणांनी जिंकला, चौथा पुन्हा त्यांनी घेतला. आधी चार सामने जिंकेल तो विजेता, आणि त्यांची 3-1 अशी आघाडी झाली. अंतिम मालिकेत 3-1 ने मागे पडलेले 32 संघ याआधी होऊन गेले होते आणि त्यांतल्या एकालाही विजेतेपद मिळाले नव्हते.

इथून पुढे जे घडले, ते केवळ एका सामन्यात घडू शकत नाही. चौथ्या सामन्याच्या अखेरीस आमचा लेब्रॉन जेम्स खाली पडलेल्या त्यांच्या ड्रेमंड ग्रीनला ओलांडून गेला आणि ग्रीनने संतापून हात उगारला. प्ले-ऑफमधले, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीतले, त्याचे गंभीर फाऊल आधीच साठलेले होते. या एकाची भर पडताच नियमानुसार त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. पाचव्या सामन्यात तो नव्हता, त्यांचा उंचापुरा बोगटही गुडघा दुखावून बाहेर गेला, आणि लेब्रॉन व कायरी अर्विंग या आमच्या दोघांनी प्रत्येकी 41 गुण करून 112-97 असा विजय मिळवला.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुन:पुन्हा गाठ पडल्यावर आमचे प्रशिक्षक टायरन लू यांच्या संघाला समोरच्याची वर्मे सापडत गेली. त्यांच्या हॅरिसन बार्न्सला मोकळे सोडून इतरांना घेरले, तर तो मोकळा असूनही चुकतो, हे त्यांच्या ध्यानात आले. शेवटच्या तीन सामन्यांत त्याचे 32 पैकी फक्त 5 शॉट पडले. करी बचावात कमी पडतो, हे हेरून तो ज्याच्यावर पहारा देत असे त्या आपल्या खेळाडूला स्क्रीन लावायला, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवे उभे राहायला, बोलवायचे आणि करीलाच चेंडू असलेल्या खेळाडूसमोर यायला भाग पाडायचे, हा उद्योग त्यांनी चिकाटीने चालवला. सहाव्या सामन्याचा पहिला क्वार्टर आम्ही 31-11 असा घेतला. पुढे करी सहा फाऊल होऊन बाहेर गेला, आणि जाता जाता त्याने तोंडातले माउथगार्ड रागाने प्रेक्षकांत भिरकावले. एरवी हसतमुख असलेल्या त्या मुलाचे ते रूप पाहूनच मला वाटले, की आता सातवा सामना आपलाच.

त्या सातव्या सामन्याची शेवटची पाच मिनिटे मात्र तुम्ही शांतपणे पुन्हा पाहावीत. 89-89 अशी बरोबरी झाल्यावर जवळजवळ पावणेचार मिनिटे एकाही संघाला गुण करता आला नाही. सगळेच दमले होते. एक मिनिट 50 सेकंद उरले असताना त्यांचा आंद्रे इग्वोडाला मोकळ्या बास्केटकडे धावला. आमच्या जे. आर. स्मिथने त्याला हवेतच हात वळवायला लावले, आणि तेवढ्या क्षणभराच्या विलंबात पाठून आलेल्या लेब्रॉनने चेंडू बॅकबोर्डवर दाबून धरल्यासारखा अडवला. वाखाणणी सगळे लेब्रॉनची करतात; तुमच्यासारखा शिक्षक मात्र स्मिथला आधी शाबासकी देईल. मग 53 सेकंद असताना अर्विंगने, पुन्हा त्याच युक्तीने समोर आणलेल्या करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा शॉट मारला. त्यानंतर करीसमोर लव्ह उभा ठाकला, ज्याला बचावात नेहमी कच्चा धरले जाई, आणि त्याने त्याला सरळ शॉट मिळू दिला नाही. 93-89, आम्ही जिंकलो.

या शहराने 1964 नंतर कोणत्याही मोठ्या खेळात विजेतेपद पाहिले नव्हते. इथली माणसे जुन्या पराभवांना खास नावे देऊन ते जपतात. 1989 मध्ये मायकेल जॉर्डनने अखेरच्या क्षणी हरवले, तो नुसता ‘द शॉट’. जवळच्या ॲक्रनचा लेब्रॉन 2010 मध्ये मायामीला गेला तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या होत्या. पुढे तो परत आला, आणि बुधवारी त्याच लोकांनी त्याच्या मिरवणुकीसाठी रस्ते भरून टाकले. शहराची वस्ती जेमतेम चार लाखांची, पण गर्दीचा अंदाज 13 लाखांचा सांगितला गेला. माणसे वाहनतळांच्या इमारतींवर चढली होती आणि लेब्रॉनची उघडी मोटार वाट मिळत नसल्याने मुंगीच्या पावलांनी चालली होती.

ग्रीनवर बंदी आली नसती तर, असे तुम्ही विचाराल हे मी जाणून आहे. तर पाचवा सामना कदाचित त्यांनी जिंकला असता आणि सगळे तिथेच संपले असते. परंतु सातव्या सामन्यात तो होता, त्याने 32 गुणही केले, म्हणजे दोन्हीकडच्या खेळाडूंत सर्वाधिक, आणि तरी ते हरले. यावर तुमचे मत काय, ते जरूर कळवावे.

मामींना सा. न. व मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुमची भाची