चित्राखाली चित्रकाराचे नाव छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील सोळाव्या शतकातल्या निसर्गचित्रांवरचा लेख वाचला. लेखाबद्दल तक्रार नाही, लेखकाने मेहनत घेतली आहे. पण सोबत अर्धे पान व्यापून जे चित्र छापले, त्याखाली ओळ काय, तर ‘एक डच निसर्गचित्र. सौजन्य : इंटरनेट’. अहो, ते चित्र हान्स बोल यांनी 1589 मध्ये काढलेले आहे. व्हीनस आणि अ‍ॅडोनिसची पुराणकथा त्यात आहे आणि ते लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

नेमके याच चित्रकाराचे नाव गाळले गेले, याचा जास्त राग आला. बोल मूळचे मेखेलेन या गावचे, कापडावर जलरंगात काम करणारे. 1572 मध्ये स्पॅनिश फौजेने ते गाव लुटले आणि हा माणूस होते नव्हते ते गमावून अँटवर्पला आला. तिथे लोक त्यांची चित्रे विकत घेत, त्यांच्या नकला करत आणि त्या बोल यांच्याच म्हणून खपवत. शेवटी त्यांनी कापड सोडले आणि लघुचित्रे धरली, म्हणजे नकला करणाऱ्यांचा हातच चालू नये. कारेल फान मांडर यांनी 1604 च्या चित्रकारांच्या चरित्रग्रंथात हे लिहून ठेवले आहे. आपले काम आपल्याच नावावर राहावे म्हणून ज्याने आयुष्यभराची पद्धत बदलली, त्याला तुम्ही बेनाम करून टाकलेत.

शिवाय आकार दिलेला नाही. मूळ चित्र चर्मपत्रावरचे, जेमतेम 20 सेंटिमीटर उंच आणि 26 रुंद. तुम्ही ते फुगवून छापलेत. वाचकाला वाटणार, भिंतीएवढे असेल. मग त्या बारकाव्याचे मोल त्याला कळणार कसे?

हे पोटतिडकीने लिहितो, कारण ही वेळ माझ्यावरही आली आहे. वाईच्या गणपती घाटाचे माझे पेन-शाईचे रेखाटन एका पतसंस्थेने मला न विचारता कॅलेंडरवर छापले. खाली उजवीकडे सही होती, ती पट्टीच कापली. तिच्याबरोबर घाटाच्या शेवटच्या दोन पायऱ्याही गेल्या आणि पाण्याला टेकलेला घाट अधांतरी दिसू लागला. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, ‘‘सर, चित्र घरोघरी पोचलं, आनंद माना.’’ पुढे माझाच एक जुना विद्यार्थी ते कॅलेंडर घेऊन आला, ‘‘बघा सर, कुणीतरी किती छान घाट काढलाय.’’ काय बोलणार?

‘डच’ हेही अर्धेच खरे. मेखेलेन आज बेल्जियममध्ये आहे. स्पॅनिश फौज अँटवर्पवर चालून आली तेव्हा 1584 मध्ये बोल उत्तरेकडे निघाले, अखेर अ‍ॅमस्टरडॅमला स्थिरावले आणि 1593 मध्ये तिथेच वारले. निसर्गचित्रकार याकोब साव्हेरी हे त्यांचेच शिष्य. तुमच्या लेखात ज्या डच निसर्गचित्रांचे कौतुक आहे, त्यांची वाट अशा निर्वासितांनी घालून दिली.

येत्या रविवारी त्याच पुरवणीत नाव, साल, आकार आणि संग्रहालय यांसह दुरुस्ती छापावी. आणि छपाई खात्यालाही सांगावे : आमच्या अंकात लाल रंग इतका सरकला होता की प्रत्येक आकृतीला दुहेरी कड आली होती. लघुचित्र छापायचे तर रंग जागेवर बसलेच पाहिजेत.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, वाई