साक्ष बायकांची, संदेश पुरुषांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या प्रमुख धर्मगुरू म्हणून सॅरा मलाली यांचं नाव जाहीर झालं, त्यावर आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं की दोन हजार वर्षांत चर्चमध्ये बाईने कधी पुढारीपण केलं नाही, आताच हे फॅड निघालंय. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

त्या वाचकांनी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय एकदा उघडावा. बरेच जण तो वाचतच नाहीत, कारण वरवर बघितलं तर नुसती नावं आणि ह्याला सलाम त्याला सलाम एवढंच आहे. पण पहिलंच नाव कोणाचं, तर फीबीचं. करिंथचं बंदर किंख्रिया, तिथल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, ती 'दियाकोनोस' (सेवक किंवा सेवाधिकारी, आजचा 'डीकन' शब्द यातूनच आला), आणि हे पत्र रोमला घेऊन जाणारी तीच असं बहुतेक अभ्यासक मानतात. आता हाच दियाकोनोस शब्द पौल स्वतःला पण लावतो. मग १६११ चं इंग्लिश किंग जेम्स बायबल काढून बघा, इफिसकरांस पत्रात पौल दियाकोनोस असला की त्याचं होतं 'मिनिस्टर' आणि इथे फीबी दियाकोनोस असली की तिचं होतं 'सर्व्हंट'. ग्रीकमध्ये शब्द एकच हो, तिच्यासाठी वेगळं स्त्रीलिंगी रूपसुद्धा नाहीये.

पुढे सातव्या वचनात युनिया येते, तिची गोष्ट तर अजून भारी आहे. अंद्रोनिक आणि युनिया, प्रेषितांमध्ये, म्हणजे शुभवर्तमान सांगायला पाठवलेल्या पहिल्या पुढाऱ्यांमध्ये, नामांकित, असं पौल म्हणतो. चौथ्या शतकातला नामवंत ख्रिस्ती उपदेशक योहान क्रिसोस्टोम काही बायकांचा कैवारी नव्हता, पण तोही हे वचन वाचून म्हणतो की प्रेषित म्हटलं जावं इतकी ह्या बाईची बुद्धी केवढी असेल! म्हणजे तेव्हा ती बाई होती यात कोणाला शंका नव्हती. नंतर मध्ययुगात कोणाला तरी वाटलं की बाई प्रेषित कशी असेल, आणि तिचा झाला पुरुष, युनियास. रोमच्या जुन्या शिलालेखांत युनिया हे नाव अडीचशेच्या वर वेळा सापडलंय, आणि युनियास नावाचा पुरुष एक पण नाही. तरी १९४६ साली निघालेल्या सुधारित इंग्लिश नव्या करारात हे दोघं 'नामांकित पुरुष' म्हणून छापले गेले. १९८९ च्या आवृत्तीत ती परत बाई झाली. काही जण अजून म्हणतात की प्रेषितांमध्ये नाही, प्रेषितांना माहीत असलेली असा अर्थ घ्या. घ्या बापडे, पण निदान बाई तरी राहू द्या तिला.

मरिया मग्दालियाचं तर सगळ्यांना माहितेय, ५९१ साली पोप ग्रेगरीनी तिला लूकच्या सातव्या अध्यायातल्या पापी स्त्रीशी जोडून टाकलं, शुभवर्तमानात तसं कुठेच नाहीये. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला प्रभूने जिला पाठवलं तिची ओळख पुढे हजार-चौदाशे वर्षं ही.

"बायकांनी मंडळीत गप्प राहावं" हे वचन मला पाठ आहे, कृपा करून परत पाठवू नका. पण ते वचन ज्या १ करिंथकरांस पत्रात आहे त्याच पत्रात, तीनच अध्याय आधी, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश सांगणाऱ्या स्त्रियांनी डोक्यावर पदर घ्यावा असं सांगितलंय. गप्पच बसायचं होतं तर पदराची चर्चा कशाला. आणि बाईने शास्त्र शिकवू नये असं म्हणणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या अख्ख्या मराठी बायबलचं काय करायचं तेही सांगावं, त्याचे टाइप जुळवणाऱ्या पण बायकाच होत्या.

४५१ सालच्या खाल्केदोन इथल्या चर्चच्या धर्मपरिषदेचा १५ वा नियम बघा, चाळीस वर्षांच्या आत कोणत्याही बाईवर हात ठेवून तिला डीकन करू नये, आणि तेही नीट पारख करूनच. जी गोष्ट होतच नव्हती तिला वयाची अट कोण घालेल?

आता माझं सांगते. मी वीस वर्षं संडे स्कूल घेतेय आणि अधूनमधून उपासनेत बोलते पण. तीच वेदी, तेच वचन, तीच वीस मिनिटं, पण मी उभी राहिले की जाहीर होतं "आता बहीण साक्ष देतील" आणि पुढच्या रविवारी माझ्या वर्गात शिकलेला मुलगा उभा राहिला की "आता भाऊ संदेश देतील". साक्ष म्हणजे आपला अनुभव सांगणं, संदेश म्हणजे उपदेश. कोणाचा वाईट हेतू नसतो, तोंडात बसलंय एवढंच.

म्हणून मला जरीना ली आठवते. कृष्णवर्णीय बाई, अमेरिकेतल्या आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमधली. तिने उपदेश करायची परवानगी मागितली तर त्या चर्चचे पुढारी रिचर्ड अॅलन म्हणाले आपल्या नियमात बाई उपदेशक बसत नाही. आठ वर्षांनी, १८१९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये बायबलमधल्या योनावर उपदेश चालू होता आणि उपदेशक मध्येच अडखळला, सुचेना त्याला. ही बाकावरून उठली आणि तिथून पुढे तिनेच चालू केलं. मग भीती वाटली की आता हाकलून देतील. पण तोवर बिशप झालेले अॅलन उभे राहून म्हणाले, हिने आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे मागितलं होतं, आज पटलं की हिला खरंच पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे. पुढे एका वर्षात तिने २,३२५ मैल प्रवास आणि १७८ उपदेश केले. पाळकपदाची दीक्षा मात्र शेवटपर्यंत दिली नाही.

आणि हाँगकाँगजवळच्या मकावच्या फ्लॉरेन्स ली टिम-ओई. युद्धाचा काळ, जपान्यांच्या ताब्यातल्या मुलखातून मकावला अँग्लिकन पाळक पोहोचू शकत नव्हता, आणि निर्वासितांनी भरलेल्या त्या मंडळीला प्रभुभोजन, जे पाळकानेच द्यायचं असतं, ते कोण देणार? ही डीकन, म्हणजे पाळकाच्या खालच्या पदावर, तिथे होती, सगळं तीच बघत होती. २५ जानेवारी १९४४ ला हाँगकाँगचे बिशप हॉल यांनी तिला रीतसर दीक्षा दिली, अँग्लिकन चर्चमधली पहिली स्त्री पाळक. युद्ध संपलं, वरून दबाव आला, आणि १९४६ मध्ये तिने लायसन्स परत केलं. दीक्षा मात्र सोडली नाही. म्हणजे अडचण होती तोवर पाळक, रस्ते मोकळे झाले की परत बहीण. १९७१ मध्ये हाँगकाँगमध्ये आणखी दोघींना दीक्षा मिळाली तेव्हा कुठे तिचं पाळकपण मान्य झालं.

कॅथलिक चर्चची भूमिका वेगळी आहे, १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही असं स्पष्ट लिहिलं. त्यांचं त्यांनी ठरवावं, मी त्यात पडत नाही. माझं भांडण "कधी नव्हतंच" ह्या दोन शब्दांशी आहे.

हे पत्र छापणार असाल तर एक विनंती, ते इतर पत्रांबरोबरच छापा, महिला विशेष पानावर टाकू नका.

आपली,
एक नियमित वाचक