मांडीवरचे मुके यंत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी 85 वर्षांची आते देवगड तालुक्यातील आमच्या जुन्या घरात राहते. तिचे मुलगे मुंबईला असतात, चतुर्थीला आणि शिमग्याला येतात. एरवी आम्ही दोघे पतीपत्नी तिच्याजवळ असतो. तिला स्मृतिभ्रंश आहे. दिवेलागणीला ती कासावीस होते आणि ‘माका घराक जाऊचा आसा’ म्हणत स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर उभी राहते. अशा वेळी घडी केलेला पंचा मांडीवर दिला, की पूर्वी पाळलेल्या, आता नसलेल्या मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा ती त्यावर हात फिरवत बसते आणि हळूहळू निवळते.

म्हणूनच जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून विकसित केलेल्या ‘पारो’ या यंत्राविषयी लिहावेसे वाटते. सीलच्या पिल्लासारखे हे केसाळ यंत्र बोलत नाही. स्पर्श आणि आवाज ओळखून मान वळवते, डोळे मिटते, बारीक आवाज काढते, एवढेच. मांजर सर्वांच्या परिचयाची, त्यामुळे यंत्रातली खोट लगेच जाणवते. सील कोणी जवळून पाहिलेला नसतो, म्हणून त्याचे रूप निवडले गेले. बोलणाऱ्या यंत्रांना आतेची मालवणी कितपत उमजेल, याची मला शंका आहे. मुक्या यंत्रापुढे ती अडचणच उरत नाही.

ऑस्ट्रेलियात 28 वृद्धाश्रमांतील 415 स्मृतिभ्रंशग्रस्तांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोमुळे मनःस्थिती सुधारलेली आणि अस्वस्थता कमी झालेली आढळली. मात्र साध्या मऊ खेळण्याच्या तुलनेत पारो फक्त रुग्णांना गुंतवून ठेवण्यात सरस ठरला. मला यात निराशा नव्हे, तर मोठा दिलासा दिसतो, कारण पारोची किंमत आपल्याकडील घरांच्या आवाक्याबाहेरची आहे.

रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांनी असे साधे यंत्र इथेच घडवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून ते बॅटरीवर चालावे; दमट हवेत बुरशी धरते, म्हणून त्याचे कापड काढून धुता यावे. यंत्र आले म्हणून मुलगे चतुर्थीलाही येईनासे होतील, अशी भीती काहींना वाटते आणि ती मी खोटी म्हणणार नाही. परंतु आमचा प्रश्न चतुर्थीचा नाही, रोजच्या तिन्हीसांजेचा आहे.

आपला,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग