आमच्या वाडीच्या आशाताईंना

आशाताई,

तुमचं खरं नाव आशा नाही, हे मला बाळ दीड महिन्याचं झाल्यावर कळलं. 'आशा' हे तर गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या कामाचं नाव. सगळी वाडी तुम्हाला 'आशाताई' म्हणते, म्हणून मीही म्हणत राहिले. तेव्हा आधी माफी, मग आभार.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तेव्हा बाळ रडून लालबुंद झालेलं, माझी छाती दगडासारखी आणि बोंडांना चिरा पडलेल्या. आई म्हणत होती, "हिला दूधच नाही." आजीने तर बाळाला दूध पाजायचं फळीवरचं पितळेचं बोंडलं चिंचेनं घासून चकचकीत करून ठेवलं होतं. वरचं दूध कुणाच्या गाईचं आणायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

तुम्ही पिशवीतून झोळीचा काटा काढलात. जन्मताना २ किलो ७०० ग्रॅम भरलेलं बाळ त्या दिवशी २ किलो ५६० भरलं. मला रडूच फुटलं. तुम्ही म्हणालात, "सुरुवातीला थोडं उतरतंच गं, दोन आठवड्यांत भरून निघतं. आता पाज बघू, मी बघते."

तोवर कुणी बघितलंच नव्हतं. दवाखान्यात पहिल्या तासाभरात बाळ अंगावर घ्यायला लावलं, चीक टाकू नका म्हणून बजावलं, सगळं बरोबर. पण बाळ तोंड कसं लावतंय, हे वाकून कुणी पाहिलं नाही. तुम्ही आधी हाताने थोडं दूध काढायला लावलंत, छाती मऊ पडली. बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलंत. "मोठा आ करेपर्यंत थांब. नुसतं बोंड नको, काळा भागही तोंडात गेला पाहिजे. हनुवटी टेकू दे." दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा खालचा ओठ बाहेर मुडपला, कळ थांबली आणि गिळण्याचा आवाज यायला लागला. खोलीत कुणी बोलेना. आईने पदर डोळ्यांना लावला.

पण माझे खरे आभार आजीशी तुम्ही जसं बोललात त्याबद्दल आहेत. पाचवीला मधाचं बोट, मग गुटी, उन्हाळा म्हणून चमचाभर पाणी, असा तिचा बेत ठरलेला. तुम्ही तिला अडाणी ठरवलं नाहीत. विचारलंत, "आजी, तुम्ही किती पाजलीत?" "सात." "मग हिला मांडी घालून नीट बसायला तुम्हीच शिकवा." मग हळूच सांगितलंत, की मध वर्षाच्या आत विषारी ठरू शकतो, आणि सहा महिने पाणीसुद्धा नको, अंगावरच्या दुधातच ते असतं. "एप्रिलच्या उन्हात?" आजी उसळली. "शू मोजा की. दिवसाला सहा-सात वेळा झाली म्हणजे दूध पुरतंय." दुसऱ्या दिवसापासून आजी दर लंगोटाला वाटीत जोंधळ्याचा एक दाणा टाकायला लागली! चौदाव्या दिवशी काटा २ किलो ७८० वर गेला. बोंडलं परत फळीवर.

तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा, एकही दिवस तुम्ही चुकवला नाहीत. बाळाकडे असं घरी जाऊन बघण्याची पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत बसवली आणि २०११ पासून ती देशभर गेली, हे मी मागाहून वाचलं. याचे पैसे किती मिळतात, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही हसून बाळाचा ताप बघायला घेतलात.

सातव्या महिन्यात उष्टावण झालं आणि मी फोनवर अभिमानाने सांगितलं, डाळीचं पाणी देतेय. "पाणी म्हणजे पाणीच, त्यात डाळ कुठे? घट्ट दे, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळू नये. वर तूप सोड. आणि अंगावरचं तोडू नकोस, दोन वर्षं पाज." तेव्हापासून कुस्करलेला वरणभात आणि नाचणीचं सत्व चालू आहे. सत्व आजीच पाठवते, नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, फडक्याने गाळून.

चैत्रात यात्रेला येतेय. काटा आणाच, पण मोठा आणा. तुमच्या त्या झोळीत आता बाळ मावायचं नाही.

तुमची,
वरच्या आळीची बाळंतीण